उत्तर कोणी द्यायचे?

बोईसर स्टेशनात उतरून पश्चिमेस समुद्राच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला घिवलीस पोहोचण्यापूर्वी देशाच्या औद्योगिक इतिहासाची दोन प्रकरणे रस्त्यातच वाचावयास मिळतात. प्रथम तारापूर औद्योगिक वसाहत लागते. रसायने, औषधे, रंग, कापड आणि पोलाद यांचे शेकडो कारखाने तेथे दाटीवाटीने उभे आहेत. पुढे किनारा जवळ आला की अणुवीज केंद्राची उंच बांधकामे दिसू लागतात. त्यांच्या लगत घिवली आहे. होड्या, जाळी, थोडी शेती, आणि भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालणारे आयुष्य असे हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावासारखे गाव आहे. मात्र त्याला दोन बलाढ्य शेजारी लाभले आहेत. एक शेजारी प्रत्यक्ष केंद्र सरकार, दुसरा खाजगी भांडवल. दोघेही देशाला उपयोगी आहेत याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या शेजारधर्माचा.

समजा, या किनाऱ्यावरच्या एखाद्या मच्छीमार स्त्रीने विचारले की, खाडीतली निवटी आणि कालवे का कमी झाली, डोलीत पूर्वीइतकी मासळी का येत नाही, आणि त्यामुळे माझी पाटी अर्धी रिकामी राहते तिची भरपाई कोण करणार? हा प्रश्न तिने कोणत्या कचेरीत न्यावा? कारखानदार म्हणेल की माझे पाणी मी सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवितो, पुढचे मला ठाऊक नाही. प्रक्रिया केंद्र म्हणेल की आमच्या क्षमतेपेक्षा अधिक पाणी आमच्याकडे येते. औद्योगिक विकास महामंडळ म्हणेल की आम्ही जमीन, पाणी आणि नळ पुरवितो. नियंत्रण हे आमचे काम नव्हे. प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणेल की आम्ही नोटिसा दिल्या आहेत. मत्स्यव्यवसाय खाते म्हणेल की मासळी तर सगळ्याच किनाऱ्यावर घटली आहे. आणि अणुवीज केंद्राचा विषय निघालाच तर तो दिल्लीच्या अखत्यारीतला आहे असे सांगण्यात येईल. यांतील एकही उत्तर सर्वस्वी खोटे असेलच असे नाही. परंतु या सर्व उत्तरांची बेरीज शून्य होते. आर्थिक आणि सामाजिक हक्कांच्या संबंधात आपल्या देशात आज जी खरी अडचण आहे ती हीच. हक्क नाकारणारा कोणी सापडत नाही. पण तो देण्यास बांधलेलाही कोणी सापडत नाही.

तारापूर नावाचे गाव आणि नावाबाहेरचे गाव

भारत आणि अमेरिका यांच्यात ८ ऑगस्ट १९६३ रोजी करार झाला आणि त्यानुसार तारापूरची पहिली दोन संयंत्रे उभी राहिली. ऑक्टोबर १९६९ मध्ये ती व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. १९७४ साली पोखरणला चाचणी झाली, त्यानंतर अमेरिकेने इंधनपुरवठ्यात अडचणी उत्पन्न केल्या आणि पुढे १९८० च्या दशकात फ्रान्सकडून इंधन आले. त्या सर्व वर्षांत ‘तारापूर’ हा शब्द वृत्तपत्रांत वारंवार येत असे. त्याचा अर्थ समृद्ध युरेनियम, वॉशिंग्टन आणि दिल्ली असा होता. घिवली, दांडी, उच्छेळी, नवापूर ही नावे त्या चर्चेत क्वचितच आली. राष्ट्राच्या स्वाभिमानाचा प्रश्न मोठा होता, त्यामुळे किनाऱ्याचा प्रश्न लहान ठरला.

पुढे ५४० मेगावॉट क्षमतेची आणखी दोन संयंत्रे याच जागी उभारण्यात आली. ती २००५ आणि २००६ साली कार्यान्वित झाली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या दोन गावांना आपली जागा सोडावी लागली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि तेथे तो दीर्घकाळ चालला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रकल्पामुळे उठविल्या गेलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ सालीच केला होता; १९८६ आणि १९९९ साली तो नव्याने करण्यात आला. म्हणजे अक्करपट्टीच्या लोकांना कायद्याची वाट पाहावयाची नव्हती. कायदा त्यांच्या आधी तीस वर्षे जन्मलेला होता. तरीही घर, जमीन, नोकरी आणि समुद्रावर जाण्याची वाट यांतले काय मिळाले आणि काय राहिले याचा हिशेब न्यायालयात मांडावा लागला.

मच्छीमाराच्या बाबतीत हा हिशेब आणखी बिकट होतो. शेतकऱ्याच्या नावावर सातबारा असतो, त्यामुळे त्याचे गेलेले मोजता तरी येते. कोळ्याच्या आणि मांगेल्याच्या समुद्राला सातबारा नाही. तो पिढ्यान् पिढ्या जेथे डोल मारीत आला ती जागा कोणत्याही दप्तरात त्याच्या नावावर नाही. प्रतिबंधित क्षेत्राची रेघ ओढली गेली, किंवा पाण्याचा गुण बदलला, म्हणजे त्याची उपजीविका जाते. परंतु कागदोपत्री त्याचे काहीच गेलेले नसते.

एका नळाची कहाणी

औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी प्रक्रिया करून नळाने नवापूरच्या बाजूला समुद्रात सोडावयाचे, अशी येथली व्यवस्था आहे. ज्या सामुदायिक प्रक्रिया केंद्रावर ही व्यवस्था दीर्घकाळ अवलंबून होती त्याची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटरची होती. प्रत्यक्षात येणारे पाणी त्याहून अधिक होते. क्षमतेहून अधिक पाणी आले तर त्याचे काय होते हे सांगण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ५० दशलक्ष लिटरच्या नव्या केंद्राची योजना झाली, पण कारखान्यांची वाढ आधी आणि प्रक्रियेची वाढ नंतर, असा क्रम येथे लागला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ सालासाठी देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला त्यात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि ते देशात पहिले आले. ज्या यादीत पहिले येणे म्हणजे नापास होणे, अशी ती यादी होती.

या यादीच्या आधीच, २०१६ साली, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. त्या प्रकरणात पुढे जे घडले ते वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे. न्यायाधिकरणाने प्रथम एक साधी गोष्ट ओळखली. कारखान्यातून किती सांडपाणी बाहेर पडते हे लपविता येते, पण कारखान्यात किती पाणी गेले हे लपविता येत नाही. त्याचे बिल महामंडळ पाठवीत असते. म्हणून पाणीपुरवठ्यातच कपात करण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. नंतर तज्ज्ञांची समिती नेमली गेली, नुकसानीचे मोजमाप झाले आणि जानेवारी २०२२ मधल्या निवाड्याने शंभरावर कारखाने आणि प्रक्रिया केंद्र यांच्यावर शंभर कोटींहून अधिक रकमेची भरपाई बसविण्यात आली.

या निवाड्याचे महत्त्व रकमेच्या आकड्यात नाही. ‘सर्वांचे मिळून झाले, म्हणून कोणाचेच नाही’ ही जी आजवरची पळवाट होती ती त्याने बंद केली. प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येतो, हे त्याने मान्य केले. मात्र त्याचबरोबर हेही विसरून चालणार नाही की, एका समाजाच्या संघटनेला हे सर्व मिळविण्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले, आणि न्यायालयाने रक्कम ठरविणे व ती नुकसान झालेल्या घरात पोहोचणे यांत आपल्या देशात बरेच अंतर असते.

घटनेने काय दिले?

आर्थिक हक्क ही परदेशातून आलेली कल्पना आहे, असे काही जण मानतात. हा गैरसमज आहे. आपल्या घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात प्रत्येक नागरिकाला उपजीविकेचे पुरेसे साधन मिळावे असे धोरण राज्याने ठेवावे म्हणून सांगितले आहे. ४७ व्या अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. ३७ व्या अनुच्छेदाने मात्र ही तत्त्वे न्यायालयाच्या हुकमतीबाहेर ठेवली. या तरतुदीवर टीका झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत तिचे समर्थन केले. सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांबद्दल न्यायालयात उत्तर द्यावे लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे ते निश्चितपणे द्यावे लागेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणजे घटनाकारांनी उत्तरदायित्व रद्द केले नव्हते. त्याची जागा ठरविली होती.

या योजनेतील अडचण अशी की, मतदाराला पाच वर्षांतून एकदा एकच मत असते. घिवलीच्या मतदाराला त्या एका मतात रस्ता, शाळा, महागाई आणि समुद्रातले पाणी हे सारे विषय कोंबावे लागतात. शिवाय कंपनी तर निवडणुकीला उभीच राहत नाही. म्हणून पुढे न्यायालयांना या क्षेत्रात यावे लागले. मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. भोपाळच्या भीषण दुर्घटनेला दोन वर्षे झाल्यावर, डिसेंबर १९८६ मध्ये, दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: धोक्याचा धंदा करणाऱ्या कंपनीने, चूक कोणाची हा वाद न घालता, झालेल्या हानीची पूर्ण भरपाई केली पाहिजे, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाईही मोठी असावी. ऑगस्ट १९९६ मध्ये तमिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रकरणात न्यायालयाने ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. त्याच निवाड्यात असेही म्हटले गेले की, आपल्या कृतीने पर्यावरणाला अपाय होत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती कृती करणाऱ्यावर आहे.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रातही आपण शब्द दिलेला आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९६६ साली झाला. भारताने त्याला १० एप्रिल १९७९ रोजी मान्यता दिली. कंपन्यांनीही मानवी हक्कांचा मान राखला पाहिजे आणि बाधितांना दाद मिळाली पाहिजे, अशी मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये स्वीकारली. ती बंधनकारक नाहीत, परंतु मापदंड म्हणून उपयोगी आहेत.

तेव्हा शब्दांची उणीव कोठेही नाही. तथापि १९८५ च्या निवाड्यातली एक गोष्ट बोलकी आहे. न्यायालयाने उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण रीतसर नोटीस देऊन त्या रहिवाशांना हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. हक्काचे तत्त्व जिंकले आणि ज्यांच्यासाठी ते मांडले गेले त्यांतील अनेकांना झोपडी सोडावी लागली. तत्त्व मान्य होणे आणि ते पाळावयास कोणी तरी बांधला जाणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्राने स्वत: घालून दिलेले उदाहरण

हे दुसरे काम होऊ शकते की नाही? होऊ शकते, आणि ते महाराष्ट्रानेच करून दाखविले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कसोटीला लागलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात उतरली व २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. या कायद्याचे वैशिष्ट्य काय होते? ‘शासन रोजगार देण्याचा प्रयत्न करील’ असे त्यात म्हटलेले नव्हते. मजुराने मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, आणि न दिल्यास रोज किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावयाचा, असे त्यात लिहिलेले होते. रुपया क्षुल्लक होता. अंमलबजावणीत गैरव्यवहारही झाले. पण काय द्यावयाचे, कोणी द्यावयाचे, किती दिवसांत आणि न दिल्यास काय, या चारही प्रश्नांना त्या कायद्यात उत्तर होते. म्हणूनच अडाणी म्हणविले जाणारे मजूर तहसील कचेरीवर मोर्चे नेऊन ते उत्तर मागू शकले, आणि म्हणूनच २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा करताना महाराष्ट्राचा नमुना डोळ्यांपुढे राहिला.

हा लेख वाचणाऱ्या शिक्षकांनी आणि कारकुनांनी आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. तिच्यात व्यवसाय कर म्हणून जी रक्कम कापलेली दिसते तो कर १९७५ साली याच योजनेसाठी बसविण्यात आला. म्हणजे कोणा तरी अनोळखी मजुराच्या हक्काचा खर्च या राज्यातला पगारदार उचलीत आला आहे. हक्काला पैसा लागतो आणि तो कोठून यावयाचा हेही त्या कायद्याच्या कर्त्यांनी टाळले नव्हते.

दुसरे उदाहरण घिवलीच्या शेजारचेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९९ साली डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातील गंधक काढण्याची यंत्रणा बसविण्यास सांगितले. कंपनी बदलली, मुदती टळल्या, पण प्राधिकरणाने विषय सोडला नाही, आणि २००७ साली ती यंत्रणा चालू झाली. आठ वर्षे ही काही थोडी नव्हेत. परंतु तालुक्यातल्या चिकू बागायतदाराला आणि आदिवासी शेतकऱ्याला आपली तक्रार कोणापुढे मांडावयाची हे त्या आठ वर्षांत ठाऊक होते. घिवलीपासून काही मैलांवर अशी सोय होती. घिवलीला ती नव्हती.

तिसरे उदाहरण उरणचे आहे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्तारामुळे मासेमारी बुडालेल्या १,६३० कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख ८४ हजार, म्हणजे एकूण ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये द्यावेत, असा आदेश हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिला. त्यातील ७० टक्के बंदराने, २० टक्के सिडकोने आणि १० टक्के तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने द्यावयाचे होते. पारंपरिक मच्छीमाराला समुद्राचा सातबारा नसला तरी त्याचे नुकसान कुटुंबागणिक मोजता येते, आणि तीन मोठ्या संस्थांत जबाबदारीची वाटणी टक्केवारीने करता येते, हे या आदेशाने दाखवून दिले. शिवाय त्या तिन्ही संस्था सरकारी होत्या. सरकार स्वत:च कसूरदार असेल तर उत्तर कोणी द्यायचे, या प्रश्नालाही तेथे उत्तर मिळाले.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते प्रामाणिक आहेत. पहिला असा की, फार कडक झाले तर कारखाने शेजारच्या राज्यात जातील आणि बोईसरच्या हजारो कामगारांची चूल विझेल. लहान कारखानदाराला मोठा दंड परवडत नाही, हेही खरे आहे. परंतु कामगाराचे हित आणि मच्छीमाराचे हित यांत विरोध आहे हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. जो कारखाना पाण्याचा हिशेब ठेवीत नाही तो वायूचा आणि दाबाचा हिशेब ठेवील, याची खात्री काय? जानेवारी २०२० मध्ये याच वसाहतीतील स्फोटात आठ जणांचे प्राण गेले. निष्काळजीपणाची पहिली झळ कारखान्याच्या कुंपणाच्या आतच लागते. लहान कारखानदाराला प्रक्रियेच्या खर्चासाठी साहाय्य द्यावे. मात्र तो खर्च घिवलीच्या, दांडीच्या आणि नवापूरच्या घरांवर टाकण्याची मुभा देऊ नये. आज जे स्वस्त पडते असे वाटते त्याचा उरलेला खर्च कोणी तरी मुकाट्याने भरीत असतो.

दुसरा आक्षेप राष्ट्रहिताचा. वीज हवी, अणुऊर्जा हवी, आणि तिच्या काही बाबी गुप्त ठेवाव्या लागतात. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सरकारला माहिती रोखून धरण्याचे विस्तृत अधिकार दिले होते. संयंत्राच्या रचनेपुरती गुप्तता समजण्यासारखी आहे. पण किनाऱ्यावरच्या पाण्याचे तापमान, मासळीची आवक, गावाच्या आरोग्याची पाहणी आणि पुनर्वसितांना दिलेल्या घरांची यादी यांत शत्रूला उपयोगी पडेल असे काय आहे? ज्या गोष्टी खरोखरच निर्धोक आहेत त्या उघड करण्याने संस्थेवरचा विश्वास वाढतो. लपविल्याने अफवांना बळ मिळते, आणि त्या खोट्या असल्या तरी त्या खोट्या आहेत हे सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

करावयाचे काय?

घिवलीसारख्या गावांच्या बाबतीत सर्वांत अन्याय्य भाग कोणता असेल तर तो पुराव्याचा. मासळी घटल्याचा पुरावा मच्छीमाराने द्यावयाचा. ती पाण्यामुळे घटली हेही त्यानेच सिद्ध करावयाचे. आणि ते पाणी अमुक एका कारखान्याचे होते हेही त्यानेच दाखवावयाचे. वस्तुत: मोजण्याची सर्व साधने दुसऱ्या बाजूस आहेत. पाण्याचे मीटर महामंडळाकडे, रसायनांची खरेदी कारखान्याकडे, नमुन्यांचे अहवाल मंडळाकडे, तापमानाच्या नोंदी वीज केंद्राकडे. ज्याच्या हाती मापटे आहे त्यानेच माप घालून दाखविले पाहिजे, हे बाजारातले साधे तत्त्व आहे. १९९६ च्या निवाड्याने ते मान्यही केले आहे. आता ते कचेरीच्या रोजच्या व्यवहारात उतरले पाहिजे.

त्यासाठी मोठ्या क्रांतीची गरज नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आत घेतलेले पाणी, प्रक्रिया झालेले पाणी आणि समुद्रात सोडलेले पाणी यांचे आकडे दर आठवड्यास मराठीत लावावेत, आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे पद व नाव असावे. मत्स्यव्यवसाय खात्याने मच्छीमार संस्थांच्या साहाय्याने या किनाऱ्यावरच्या मासळीची नोंद दरवर्षी प्रसिद्ध करावी, म्हणजे पुढच्या खटल्यात ‘पूर्वी किती होती’ हा वाद उरणार नाही. तक्रारीला उत्तर देण्याची मुदत दिवसांत सांगितलेली असावी, आणि मुदत टळल्यास तक्रार खरी मानून पुढची कार्यवाही व्हावी. दंडाची रक्कम सरकारी खात्यात जमा करून तेथेच न ठेवता तिचा ठरलेला भाग ठरलेल्या काळात बाधित कुटुंबांपर्यंत जावा. नव्या कारखान्याला किंवा नव्या प्रकल्पाला परवानगी देताना भरपाईची अनामत आधीच घ्यावी. घरभाड्याच्या करारात जे आपण करतो ते कोट्यवधींच्या प्रकल्पात का करू नये?

याच किनाऱ्यावर, डहाणूजवळ वाढवण येथे, महाकाय बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तेव्हा हा प्रश्न घिवलीपुरता किंवा भूतकाळापुरता नाही. बंदराचे काम पुढे सरकत असताना जर मच्छीमारांच्या नोंदी, नुकसानीची मापे आणि उत्तर देणाऱ्यांची नावे आजच कागदावर आली नाहीत, तर वीस वर्षांनी दुसरी कोणती तरी परिषद दुसऱ्या कोणत्या तरी न्यायाधिकरणापुढे सहा वर्षे उभी राहील.

पालघरला १४ ऑगस्ट १९४२ रोजी कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. दरवर्षी त्या दिवशी आपण त्यांना वंदन करतो. ती कचेरी परकीयांची होती आणि तिने प्रश्नाला गोळीने उत्तर दिले. आजची कचेरी आपली आहे. तिच्याकडे उत्तर मागण्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे आणि दहा रुपयांचा अर्ज आहे. अर्ज लिहिता येणारी माणसे, म्हणजे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी, या किनाऱ्यावर आणि बोईसर-पालघरच्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. नळातून किती पाणी गेले, नमुना कोणत्या तारखेस घेतला, दंडातील किती रक्कम कोणत्या गावात पोहोचली, हे तीनच प्रश्न त्यांनी दर तिमाहीस लेखी विचारावेत, आणि आलेली उत्तरे एका वहीत तारखेनिशी ठेवावीत. मासळी बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईला अर्ज लिहिण्यास वेळ नसतो. तिच्या वतीने ती वही कोणी तरी ठेवली पाहिजे.